तुझ्या नवमीच्या पानावर

अम्मा,

तू विचारलं होतंस, "गेलं का ते?" आणि मी म्हटलं होतं, "गेलं." नव्हतं गेलं. आधी एवढं सांगून टाकते, बाकीचं सावकाश. सावकाश लिहायची मला सवय नाही, तुला ठाऊकच आहे. पाचवीनंतर तूच शाळेतून काढलंस. बाळबोध अक्षरं अप्पांनी स्तोत्राच्या पोथीवरून गिरवून घेतली तेवढीच, तेव्हा माझ्या अक्षराला नावं ठेवायची नाहीत.

गच्चीवरचा तो दिवस तू विसरली नसशील. मी सतरा-अठराची. गच्चीभर तांदळाच्या पिठाचे वडाम वाळत घातले होते आणि कावळे हाकायला मला बसवलं होतंस. शेजारच्या शिंप्याची मुलगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. नुसती पडली असती तर तू काही म्हणाली नसतीस. तू जिन्यातनं वर आलीस आणि जे पाहायचं ते पाहिलंस. ओरडली नाहीस. मी थोबाडीत बसायची वाट बघत होते, तीही दिली नाहीस. तिला म्हणालीस, "तुझी आई हाक मारतेय." ती पळाली. मग तू माझ्याशेजारी बसून वडाम उलटायला लागलीस. ओले होते गं ते, खाली पसरलेल्या धोतराला चिकटून फाटत होते, आणि तू, जिचा एक वडाम कधी तुटला नाही, ती एकेक फाडत चालली होतीस. शेवटी म्हणालीस, "लग्न झालं की जातं ते." खोकल्याबद्दल बोलावं तसं. पुन्हा तो विषय नाही. त्या वर्षी आपण तळले ते सगळे तुकडेच, आणि तुझा लेक, अण्णा, विचारत राहिला, यंदा वडाम असे का म्हणून.

मग माझं लग्न झालं आणि काय सांगू, मला नवरा आवडला. लग्नकार्याची भांडी भाड्यानं देणारा माणूस, अंगाला सदा चिंचेचा आणि पितळेचा वास. रोज संध्याकाळी दुकान बंद करून येताना काहीतरी गुणगुणत यायचे, आणि मी स्वयंपाकघरातनं तो सूर ओळखून कॉफीचं पाणी चढवायची. पहिल्याच वर्षी मी त्यांना शिंप्याच्या मुलीचं सांगून टाकलं. त्यांच्यापुढं मला पोटात ठेवता यायचं नाही काही. हे तेव्हा परसात बसून एक मोठा हंडा चिंचेनं घासत होते. हात न थांबवता म्हणाले, "बरं झालं. म्हणजे मंडपात कोण छान दिसत होतं ते आता घरी आल्यावर मोकळेपणी बोलता येईल." आणि आम्ही बोलायचो. कुणाच्या लग्नाहून भांडी मोजून परत आलो की जेवता जेवता आमचं भांडण, ती हिरव्या साडीतली चांगली का ती मुलाची मावशी. त्यांची आवड अगदीच सुमार होती. माझ्यावरूनच कळतं, असं मी म्हणायची आणि ते हसून पाणी सांडायचे.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले. परसदारी बसवून तू माझे केस विंचरत होतीस आणि हळूच विचारलंस, "गेलं का ते?" मी सुखात होते. नवऱ्यावर जीव जडला म्हणजे दुसरं गेलं असणारच, असं मलाही वाटलं. तूच सांगितलं होतंस, मी तुझं धरून चालले होते. म्हटलं, "गेलं." तू इतका मोठा श्वास सोडलास की माझ्या मानेला वारा लागला. आणि घरात होता तेवढा सगळा मल्लीचा गजरा माझ्याच केसांत माळलास, स्वतःला एक फूल ठेवलं नाहीस. सणाचा दिवस, आणि तू भुंड्या अंबाड्यानं फिरत होतीस. ते माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे.

मग तू गेलीस. अहेव गेलीस, कुंकवासकट, सगळी गल्ली म्हणाली भाग्याची. तेव्हापासून दर पितृपक्षात अविधवा नवमीला आपल्या घरी तुझं पान मांडतात आणि त्या पानावर तुझ्या जागी एक सवाष्ण बसवतात. ती जेवली म्हणजे तू जेवलीस. अप्पा आहेत तोवरच ही नवमी, पुढं बंद, म्हणून अप्पा ती चुकू देत नाहीत. पहिली काही वर्षं गोविंदपुरच्या मामी यायच्या. त्यांचे गुडघे गेले, त्या थांबल्या. कुंभकोणात आपल्या बोलीच्या, आपल्यासारखं जेवणाऱ्या सवाष्णी अशा किती उरल्यात? सगळ्यांची मुलं त्यांना चेन्नैला नाहीतर अमेरिकेला घेऊन गेली.

तोवर आमचे हे गेले होते. त्याबद्दल लिहीत नाही. दुकान मी चालवायला घेतलं, आणि तिथंच ती आली. साक्कोट्टैची, आपल्यातलीच, लग्नांत स्वयंपाक करणारी. माझा हंडा खालून जाळून आणला आणि वर मलाच सांगायला लागली, तुमच्या हंड्याचं बूडच पातळ आहे. मी म्हटलं, बूड पातळ नाही, तुमचं लक्ष पातळ आहे. पुढच्या लग्नाला ती पुन्हा माझ्याकडेच आली. कुंभकोणात भांडीवाल्यांना काय तोटा आहे? पण ती आली, त्याच्या पुढच्या लग्नालाही आली, आणि एकदा हंडा परत करायला आली ती घासूनपुसून, आतून आरसा दिसेल असा. दारात उभं राहून म्हणाली, "बघा आता तोंड." मी पाहिलं. पाठीमागं तिचंही दिसत होतं. गच्चीवरचा तो दुपारचं ऊन लागल्यासारखा जीव, अम्मा, तसाच्या तसा. इतक्या वर्षांनी. मला हसूच आलं. म्हटलं, कुठं गेलं होतं हे, इथंच तर होतं.

ती माझ्याकडे राहायला आली. सगळे तिला साक्कोट्टैअक्का म्हणतात. तिचा नवरा तिला टाकून कोइमुत्तूरला दुसरीबरोबर राहतो. पण जिवंत आहे, खणखणीत. म्हणजे ही सवाष्ण. तेव्हा वैनीला केवढा आनंद झाला. तिनं स्वतः हळदीकुंकू घेऊन येऊन हिला नवमीचं आमंत्रण दिलं. कळतंय ना तुला? माझी बाई तुझ्या पानावर बसली, आणि बसवली तुझ्या सुनेनं. दहाएक वर्षं झाली. दर नवमीला तू तिच्या तोंडानं जेवत आलीस, आणि घरात ते कुणाला ठाऊक नव्हतं. असं मला वाटत होतं.

पक्वान्नं वैनी करायची, केळफुलाची उसळी माझ्याकडे. डाळ भिजवायची, भरड वाटायची, वाफवायची, चुरायची, ते सोपं. केळफूल सोलायचं हेच खरं काम. एकेका फुलातली ती कडक काडी ओढून काढायची, हाताला तेल लावलं तरी बोटं काळी होतातच आणि दोन दिवस तशीच राहतात. वैनीला ते नको होतं, म्हणून विधवेच्या हातचं नवमीला चालतं का, हा प्रश्नही तिनं सोडून दिला. दर वर्षी वाढताना म्हणायची, "सासूबाईंना केळफूल फार आवडायचं ना वन्सं?" तिनं तुला पाहिलेलंच नाही. मी म्हणायची, "फार." अण्णा मान हलवायचा. अण्णाला पानात काय वाढलंय ते कधी कळलंय?

या वर्षी नवमीच्या चार दिवस आधी मी वैनीच्या स्वयंपाकघरात बसले होते. किती नारळ, किती पानं, ते चाललं होतं. तुझी नात चेन्नैहून सुटीला आलेली, कोपऱ्यात फोन बघत बसलेली. वैनी नेहमीसारखं म्हणाली, "काही म्हणा वन्सं, तुम्ही दोघी अगदी सख्ख्या बहिणींसारख्या." दर वर्षी म्हणते. दर वर्षी मी गिळते. यंदा गिळवलं नाही म्हण, किंवा उकडत होतं म्हण. मी म्हटलं, "बहिणी नाही वैनी. यांच्याशी माझं जसं होतं ना, तसं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तसंच."

"तसंच म्हणजे कसं?"

"दोन मुलं झालीत तुम्हाला. कसं ते मी सांगू?"

वैनीनं गॅस बंद केला. दूध अजून तापलंही नव्हतं. तुझ्या नातीनं फोन खाली ठेवला, धावत आली आणि मला मिठी मारली. माझ्या खांद्यावर रडत म्हणाली, "अत्या, किती सोसलंस गं. मनात नसताना मामांशी संसार करावा लागला तुला."

मी तिला दूर केलं. म्हटलं, "कोण म्हणालं मनात नव्हतं? मामांवर माझा जीव होता. अजून आहे."

तिचं रडणं थांबलं. डोळे पुसून म्हणाली, "चुकले मी." आणि मला एक शब्द सांगितला, बायसेक्शुअल. औषधाच्या बाटलीवर असतो तसला. पुस्तकी मराठीत उभयलैंगिक म्हणतात म्हणे, तो तर मला नीट लिहितासुद्धा येत नव्हता, तिच्याकडून दोनदा लिहून घेतला. म्हणाली, याचा अर्थ अर्धं-अर्धं नाही, ठरत नाही असंही नाही, आणि दोघं एकाच वेळी पाहिजेत असंही नाही. एखाद्याचा जीव पुरुषावर जडू शकतो आणि बाईवरही, दोन्ही खरं. मी म्हटलं, एवढं मला ठाऊक आहे, मी जगलेय ते. पण शब्द ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एका माणसासाठी कुणी शब्द करत नाही. शब्द आहे म्हणजे पुष्कळ जणं असणार. म्हणजे मला लागलेलं ते एकटीचं वेड नव्हतं, आणि लग्नानं जाणारा खोकलाही नव्हता. पोरगी हुशार, मग मला समजावायला लागली, "आपण घरात मराठी बोलतो, बाहेर तमिळ, तसं आहे हे अत्या." मी म्हटलं, "तसं नाही. मी एक घरात आणि एक बाहेर ठेवलं नाही. दोघंही माझ्या घरात राहिली, माझ्याच हातचं जेवली."

संध्याकाळी अण्णा माझ्या घरी आला. बसला नाही, उभ्यानंच बोलला. साक्कोट्टैअक्का परसात भांडी लावत होती, तिला ऐकू जावं इतका मोठ्यानं. "नवऱ्याबरोबर इतकी वर्षं काय केलंस मग? नाटक?"

"नाटक करायला मला येतं का? मला साधं हसू दाबता येत नाही."

"मग हे काय आहे? दोन्ही कसं खरं असेल? एक काहीतरी खोटं आहे. कुठलं ते सांग." मग आवाज खाली आणला. अण्णा वाईट नाही, तुला माहीत आहे, त्याला हिशेब जुळला पाहिजे एवढंच. म्हणाला, "हे बघ, एकटेपणात माणसं जवळ येतात. सोबत आहे, एवढंच म्हण. मी तुझ्या वैनीला समजावतो. नवमीला नेहमीसारखी येऊ दे तिला. नाहीतर गोविंदपुरच्या मामींना गाडी पाठवून आणू, गुडघे असोत नसोत."

बघ, किती सोपं होतं. एक शब्द. सोबत. सोबत म्हटलं की पान वाचत होतं. ती परसात हंड्यावर हंडा ठेवायची थांबली होती, मला कळलं. नंतर ती म्हणालीही, "म्हणायचंस की. मला पान नको, भांडण नको. नुसता शब्द तर होता." मी तिच्यावर खेकसले. नुसता शब्द? नातीला यांना खोटं ठरवायचं होतं, मायेनं का होईना. अण्णाला हिला. प्रत्येक जण माझ्यातलं एकेक माणूस उचलून न्यायला बघत होता, आणि वर म्हणत होता, तुझ्या भल्यासाठी. मी अण्णाला म्हटलं, "सोबत नाही. आणि ते नाटकही नव्हतं. दोन्ही खरं आहे. तुझ्या डोक्यात मावत नसेल तर डोकं बाहेर ठेवून ये." तो गेला.

नवमीच्या आदल्या सकाळी मी अप्पांकडे गेले. केळफुलं घेऊनच गेले, सोलायला. बोलावलं नव्हतं. अप्पा दाराशी खुर्चीत, पितळी वाटीसारख्या डबऱ्यातली कॉफी निववत बसलेले. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं असं सगळे धरून चालतात आणि त्यांच्या समोरच सगळं बोलतात. वैनी माझ्याकडे न बघता त्यांना मोठ्यानं म्हणाली, "अप्पा, या वर्षी साक्कोट्टैअक्कांना राहू दे म्हणते मी. गोविंदपुरच्या मामींना आणायचं ठरतंय."

अप्पांनी कॉफीचा घोट घेतला. म्हणाले, "मग केळफूल करू नका."

"का बरं? सासूबाईंना आवडायचं ना."

"तुझ्या सासूनं उभ्या जन्मात केळफूल उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. हात काळे होतात म्हणायची. एकदा मी आणलं तर पिशवीसकट गाईपुढं टाकलं."

माझी बोटं तेलाची, हातात अर्धं सोललेलं फूल. अण्णा आतनं बाहेर आला. "मग इतकी वर्षं नवमीला ते कशाला होतंय?"

"जी पानावर बसते तिला आवडतं म्हणून," अप्पा म्हणाले. "पहिल्याच वर्षी बघितलं मी. तिनं पहिला घास घेतला आणि ही दाराआडून बघत होती. तुझी अम्मा माझ्याकडे तशी बघायची, मी जेवताना."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"उसळी चांगली होती."

अम्मा, मला वाटायचं मी त्यांना फसवतेय. मी. त्यांनी माझी सगळी उसळी खाऊन वर मलाच फसवलं.

अण्णाला अजून हिशेब जुळत नव्हता. म्हणाला, "मग हिचा नवरा? ते सगळं काय होतं, अप्पा?"

तेव्हा अप्पांनी डबरा खाली ठेवला. "जावई गेला तेव्हा दुकानाच्या फरशीवरून हिला मी उचललीय. या हातांनी. ते खोटं होतं असं ज्याला म्हणायचंय त्यानं माझ्यासमोर म्हणावं." मग वैनीला म्हणाले, अगदी साधेपणानं, "पान माझ्या बायकोचं आहे. त्यावर कोण बसणार ते मी सांगेन. अजून आहे मी. साक्कोट्टैच्या बाईला कुंकू लावून आमंत्रण दे, आज. उशीर होतोय."

वैनी गेली, अम्मा. हळदीकुंकवाची कोयरी घेऊन, तोंड एवढंसं करून, माझ्या घरी. मी मुद्दाम मागं राहिले, केळफूल सोलत. माझी काळी बोटं मला इतकी छान कधी दिसली नव्हती.

नवमीला ती आली. अंजिरी साडी, मीच काढून दिलेली. वैनीनं तिचे पाय धुतले, कुंकू लावलं. लावताना बोट क्षणभर कपाळापाशी थांबलं, मी बघत होते, अण्णा बघत होता. मग लावलं, आणि जरा जास्तच लावलं, नाकावर सांडलं. ती म्हणाली, "अहो वैनी, मला बसवताय का रंगवताय?" वैनी हसली. हसायचं नव्हतं तिला, पण हसली. तुझं पान मांडलं, तुझ्या नावानं पाणी सोडलं, आणि ती जेवायला बसली. मी दाराआड नव्हते. समोर उभी राहून वाढत होते, सगळ्यांदेखत. शेवटी वैनीनं रीतीप्रमाणे विचारलं, "तृप्त झालात ना?" ती म्हणाली, "झाले. उसळीत मीठ कमी होतं." अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला, नातीनं पाठ चोळली.

तर ते गेलं नाही, अम्मा. लग्न झालं, सुखाचं झालं, तरी गेलं नाही. आणि हे आलं म्हणून ते लग्नही कुठं गेलं नाही. तू दोन्हीकडे चुकलीस. मी जिंकले. जिंकले म्हणायला समोर तू नाहीस एवढंच, नाहीतर तुझं तोंड बघायला मला फार आवडलं असतं. हे कुठं टाकायचं नाही मला, टाकायला पत्ता कुठाय. हंड्यांच्या मागं ठेवीन, नाहीतर चुलीत.

एक राहिलं. त्या दिवशी उसळीशेजारी मी एक वाटी डांगर पच्चडी ठेवली होती. दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ तिला घशाखाली उतरत नाही, पण तुझी म्हणून तिनं वाटी चाटूनपुसून संपवली. सगळ्यांना वाटलं मला तुझ्या आवडीची आठवण होती. नव्हती. तुला काय खपायचं नाही ते एकूणएक माझ्या लक्षात होतं. काय आवडायचं, ते मला अप्पांना विचारावं लागलं.